कोकणच्या हंगामी गाडीला वेळापत्रकात जागा हवी

गणेश चतुर्थी कोणत्या तारखेला येणार हे कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि २०२७ची ४ सप्टेंबरला आहे, हे पंचांग पाहून कोणीही सांगू शकतो. त्या आधीच्या तीन-चार दिवसांत मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार आणि पुण्याहून लाखो माणसे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडे निघणार, हेही तितकेच ठरलेले असते. तरीही या माणसांना नेणाऱ्या गणपती स्पेशल गाड्या दर वर्षी नव्याने गरज उद्भवल्यासारख्या जाहीर होतात. नियमित गाड्यांची प्रतीक्षा यादीही भरून आरक्षणाच्या पडद्यावर 'रिग्रेट' दिसू लागते, प्रवासी संघटना निवेदने देतात, लोकप्रतिनिधी रेल्वेमंत्र्यांना भेटतात आणि मग दोन-तीन हप्त्यांत जादा फेऱ्यांची यादी बाहेर पडते. कोकण रेल्वे पूर्ण होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर ही पद्धत थांबली पाहिजे, असे मला वाटते. गणपतीची हंगामी गाडी वर्षाच्या वेळापत्रकात, ठरलेल्या वेळेसह आणि नियमित भाड्याने धावली पाहिजे, आणि तिच्याआड झाकली गेलेली रोजच्या गाड्यांची टंचाईही त्याबरोबर दूर झाली पाहिजे.

या वाहतुकीचा आवाका आधी लक्षात घ्यावा लागेल. रेल्वेच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार गणपती स्पेशल गाड्यांच्या फेऱ्या २०२३मध्ये ३०५, २०२४मध्ये ३५८ आणि २०२५मध्ये ३८० होत्या. या शेवटच्या आकड्यापैकी २९६ फेऱ्या एकट्या मध्य रेल्वेच्या होत्या. सगळ्याच फेऱ्या कोकणच्या नसतात, पण बहुतेक असतात. एका गाडीत साधारण दीड हजार माणसे धरली, तरी जाऊन-येऊन पाच लाखांच्या आसपास प्रवास होतात, आणि गणपतीच्या दिवसांत जनरल डब्यात मोजमापाबाहेर किती माणसे असतात हे ज्याने तो डबा पाहिला आहे त्याला सांगायला नको. याशिवाय एसटी महामंडळ पाच हजारांच्या घरात जादा बसगाड्या सोडते, खासगी बसगाड्या आणि मोटारी वेगळ्याच. नियमित गाड्यांतली माणसे यात धरलेलीच नाहीत. सलग तीन वर्षे वाढत गेलेली एवढी मोठी वाहतूक अपवादात जमा करणे हिशेबाच्या दृष्टीनेही बरोबर नाही.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी कोकणचा प्रवास पूर्वी कसा होत असे ते पाहावे लागते, कारण मुंबई आणि कोकण यांच्यातली वाहतूक मुळापासूनच ऋतूंवर बेतलेली होती. रेल्वेच्या कितीतरी आधी हा प्रवास समुद्रातून होई. मुंबईहून सुटलेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जाई. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी आणि पुढच्या काळातल्या 'कोकण सेवक' व 'कोकण शक्ती' ही नावे आजही कोकणातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि ट्रंका, वळकट्या, लहान मुले यांच्यासह माणसे होड्यांमधून किनाऱ्यावर उतरत. पावसाळा जवळ आला की ही वाहतूक बंद होई आणि समुद्र निवळल्यावर पुन्हा सुरू होई. खवळलेल्या समुद्राशी खेळ करता येत नाही, हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीने सहाशेहून अधिक माणसांना घेऊन तळ गाठला तेव्हा सगळ्या किनाऱ्याने पाहिले होते. या सगळ्याचा परिणाम असा की, मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबणाऱ्या कोकणी माणसाला घरच्या गणपतीची ओढ नेमकी अशा दिवसांत लागे, जेव्हा त्याचा नेहमीचा जलमार्ग बंद असे किंवा जेमतेम उघडत असे.

म्हणून एसटी आली आणि गणपतीचा प्रवास तिच्या गळ्यात पडला. कशेडी घाट, परशुराम घाट, रात्रभर चालणारी गाडी, सामानावर बांधलेली ताडपत्री, सकाळी तिठ्यावर उतरून पुढची चिखलाची वाट, हे कोकणच्या दोन-तीन पिढ्यांनी अनुभवले आहे. वाडीतल्या मंडळींनी मिळून अख्खी एसटी ठरवण्याची रीतही त्यातूनच रुजली, आणि ती आजही टिकून आहे. माझ्या मते गणपतीच्या वाहतुकीचे सर्वांत चांगले नियोजन आजवर एसटीनेच केले आहे. तिने हा काळ कधी आगंतुक मानला नाही. कोणत्या आगाराच्या गाड्या कुठे पाठवायच्या, वाटेत दुरुस्ती पथके कुठे ठेवायची, परतीच्या गाड्या कोणत्या दिवशी वाढवायच्या, हे तिच्या माणसांना सवयीने माहीत असते. रस्त्याची दुर्दशा एसटीने केलेली नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११पासून चालले आहे, आणि त्या कामाच्या खड्ड्यांतून एसटी दर चतुर्थीला वाट काढते.

रेल्वे मात्र कोकणात फार उशिरा पोहोचली. अ. ब. वालावलकरांनी या मार्गाचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै यांनी संसदेत त्यासाठी आवाज उठवला आणि त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार झालेले मधु दंडवते यांनी तो ध्यास शेवटपर्यंत सोडला नाही. आपटा-रोहा मार्ग १९८६मध्ये पुरा झाला आणि रेल्वे रायगडात रोह्यापर्यंत येऊन थांबली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, जुलै १९९०मध्ये, कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. १९९३मध्ये वीरपर्यंत गाडी गेली, पुढे टप्प्याटप्प्याने खेड, रत्नागिरी, सावंतवाडी जोडली गेली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सलग खुला झाला. ९१ बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. हे काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी मनात आदरच आहे, आणि त्यांत प्राण गमावलेल्या कामगारांविषयी कृतज्ञता.

पण या मार्गाच्या जन्मातच दोन गोष्टी अशा होत्या, ज्यांची किंमत गणपतीला जाणारा प्रवासी अजून चुकवतो आहे. पहिली गोष्ट पैशाची. केंद्राने हा मार्ग आपल्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून बांधला नाही. केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा असलेले स्वतंत्र महामंडळ काढले आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. ते कर्ज फेडता यावे म्हणून या मार्गावरच्या प्रवासाचे अंतर भाड्यासाठी ४० टक्के वाढवून धरले गेले. म्हणजे शंभर किलोमीटर जाणाऱ्या माणसाकडून एकशे चाळीस किलोमीटरचे भाडे घ्यायचे. दुसरी गोष्ट रुळांची. मार्ग एकेरी बांधला गेला. त्या पैशात आणि त्या डोंगरांत तेवढेच शक्य होते, हे मान्य करावे लागेल. परंतु हा मार्ग मुंबईला सावंतवाडीशी जोडण्याबरोबरच उत्तर आणि पश्चिम भारताला केरळशी जोडणारा सर्वांत जवळचा रस्ता ठरला. दिल्ली, गुजरात, राजस्थानहून निघालेल्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्या यांनी तो लवकरच भरून गेला. ज्या माणसांनी या रेल्वेसाठी जमिनी दिल्या, त्यांच्या गावच्या स्थानकावर न थांबता जाणाऱ्या गाड्या वाढत गेल्या आणि त्यांच्या वाट्याला हंगामात सोडलेली जादा गाडी आली.

ही जादा गाडी प्रत्यक्षात कशी धावते, ते जवळून पाहिले पाहिजे. तिचा क्रमांक शून्याने सुरू होतो. तिचे डबे अन्य कुठल्या गाडीचे मोकळे पडलेले असतात. एकेरी मार्गावर तिला मिळणारी वेळ ही नियमित गाड्यांमधून उरलेली फट असते. त्यामुळे क्रॉसिंगच्या वेळी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देताना, बाजूच्या रुळावर (लूपवर) जाऊन थांबण्याची पाळी बहुधा तिच्यावर येते. विन्हेरे किंवा अंजनीसारख्या लहान स्थानकात गाडी लूपला लागली आहे, बाहेर पाऊस कोसळतो आहे, फलाट लहान असल्यामुळे शेवटचे डबे खडीवरच उभे आहेत, बोगद्याच्या तोंडातून धुके बाहेर येते आहे, आणि माणसे दारात उभी राहून सिग्नलकडे पाहत आहेत. कोणाच्या मांडीवर गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायच्या सामानाची पिशवी, कोणाच्या डोक्यावरच्या फळीवर मखराचे तुकडे जपून ठेवलेले. समोरून एक गाडी जाते, मग मागून आलेली एक पुढे काढली जाते, आणि मग तिसरीची वाट. डब्यातले पाणी संपलेले असते, स्थानकावर खाण्यापिण्याचे काही मिळत नाही, आणि गाडी किती वेळ थांबणार हे कोणी सांगत नाही, कारण स्टेशन मास्तरलाही ते नियंत्रण कक्षाकडून कळायचे असते. संध्याकाळी घरी पोहोचून गणपती आणायला जायचे, असा बेत केलेला माणूस मध्यरात्री कुडाळला उतरतो. नियमित गाड्याही उशिरा धावतात, हे खरे. पण त्यांना उशीर झाला तर तो मोजला जातो, त्यांच्याबद्दल विचारणा होते. हंगामी गाडीला मुळातच हक्काची वेळ नसल्यामुळे तिचा उशीर कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

यात पावसाळ्याची भर पडते, आणि इथे विषय अधिक गंभीर होतो. २२ जून २००३च्या रात्री कारवारहून मुंबईकडे येणारी हॉलिडे स्पेशल गाडी वैभववाडीजवळ रुळावर कोसळलेल्या दरडीला धडकली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी, जून २००४मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दरडीमुळे अपघात झाला. या दोन अपघातांनी कोकण रेल्वेला बदलले. डोंगरउतारांवर जाळ्या बसल्या, कटिंग रुंद झाली, पावसाळ्यात रुळांवर चोवीस तास गस्त सुरू झाली, आणि पावसाळी वेळापत्रक अधिक काटेकोर झाले. जोराच्या पावसात समोरचे नीट दिसेनासे झाले, तर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही, असा दंडक आहे. अंधारात, भर पावसात, हातात दिवा घेऊन मैलोन्‌मैल रूळ तपासत चालणाऱ्या गस्तीवाल्यांमुळे हा मार्ग आज सुरक्षित आहे, आणि वेगाची ही मर्यादा सैल करावी असे कोणीही म्हणता कामा नये. मला मांडायचे आहे ते वेगळेच. पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे, २०२५मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखडले गेले. चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात येवो की सप्टेंबरच्या, ती याच काळात पडते. म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी गर्दी ही कायम या मार्गाच्या सर्वांत मंद दिवसांतच येते. आज आधी पावसाळी वेळापत्रक आखले जाते आणि मग त्यात शेकडो जादा फेऱ्या कोंबल्या जातात. चतुर्थीच्या आठवड्यासाठी वेगळे, पूर्ण वेळापत्रक आधीपासून बनवले, कोणती गाडी कुठे क्रॉसिंग घेणार हे त्यात धरले, तर मार्गाची क्षमता तेवढीच राहूनही प्रवासाला किती वेळ लागेल हे माणसाला खरेपणाने सांगता येईल. दहा तास लागणार असतील तर दहा सांगा, त्याची तक्रार कोकणातला माणूस करणार नाही.

भाड्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो स्पष्ट आहे. स्पेशल गाड्यांच्या आरक्षित तिकिटावर द्वितीय आसन श्रेणीत मूळ भाड्याच्या १० टक्के आणि इतर श्रेणींत ३० टक्के जादा आकार, किमान-कमाल मर्यादेत, घेतला जातो. कोकण रेल्वेवर हा आकार आधीच वाढवून धरलेल्या अंतराच्या भाड्यावर बसतो. ज्या गाडीला वेग कमी, वेळेची खात्री कमी, डबे बहुतेकदा जुने, त्या गाडीसाठी माणसाने दोन प्रकारे जास्त पैसे द्यायचे, याचे समर्थन कोणत्याही व्यापारी तत्त्वानेही होत नाही. निर्मितीचे कर्ज फेडण्यासाठी घातलेला बोजा किती वर्षे चालू ठेवायचा, याचाही एकदा उघड हिशेब झाला पाहिजे.

आता रोजच्या गाडीकडे येतो. दादर-रत्नागिरी पॅसेंजर ही कोकणच्या सामान्य माणसाची गाडी होती. आरक्षण नसलेल्या माणसाला, अचानक मयत झाली म्हणून निघालेल्या माणसाला, दवाखान्याच्या फेऱ्या करणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला ती परवडत असे, आणि ती लहान स्थानकांवर थांबत असे. मार्च २०२०मध्ये करोनाच्या टाळेबंदीत सगळ्या गाड्या बंद झाल्या. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ही पॅसेंजर दादरला आलीच नाही, ती ठाण्यापुढच्या दिवा स्थानकापर्यंत आखडली गेली. सावंतवाडीची पॅसेंजर दिव्याहून सुटत होतीच. ज्यांना नकाशावर दिवा आणि दादर जवळ वाटतात, त्यांनी बोरिवली किंवा विरारहून दोन मुले, म्हातारी आई आणि गणपतीचे सामान घेऊन, दादरला लोकल बदलून, पहाटेची गाडी पकडायला दिव्याच्या जिन्यांवरून जाऊन पाहावे. दिव्याच्या फलाटावर गाडी लागते तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसे चढतात, काही जण रुळांतून, आणि पाच मिनिटांत दारापर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. पुढे पनवेल, पेण, माणगावला उभ्या असलेल्या प्रवाशांसाठी दारे आतून बंद असतात. खेड-चिपळूणला मुंबईकडे परतणाऱ्यांवर हीच वेळ येते, दगडफेकीपर्यंत प्रकरण जाते, आणि दोष प्रवाशांच्या वागण्यावर ढकलला जातो.

दंडवते १९७७मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि त्याच वर्षी वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली. कोकण रेल्वेसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाची रेल्वेविषयीची कल्पना ही होती. त्यांच्याच कोकणात आज वातानुकूलित गाड्या थेट मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटतात आणि विनाआरक्षण जाणाऱ्याची पॅसेंजर दिव्याला थांबते. जून २०२३मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतला माझा विरोध नाही. ज्याला परवडते त्याने त्या वेगाने जावे. पण मुंबईच्या फलाटांवर जागा नाही, हे कारण फक्त पॅसेंजरलाच का लागू होते, याचे उत्तर मिळायला हवे.

याउलट हंगामी गाडी कशी असावी, याचा नमुनाही रेल्वेनेच घालून दिला आहे. अलीकडच्या गणपतींत दिवा-चिपळूण मार्गावर विनाआरक्षण मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवर चालणारी गाडी, धावली. कमी अंतर, पुष्कळ थांबे, साधे तिकीट, आणि त्याच दिवशी परत येऊन दुसरी फेरी. मार्च २०२२मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यामुळे हे शक्य झाले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत उतरणारा प्रवासी अशा गाडीने गेला की सिंधुदुर्गाच्या गाडीतली त्याची जागा मोकळी होते. ऑगस्ट २०२४मध्ये पश्चिम उपनगरांतून मडगावला आठवड्यातून दोनदा जाणारी नियमित गाडी सुरू झाली, तीही गणपतीच्या तोंडावर. इच्छा असली की हंगामाच्या तोंडावर कायमची गाडीही सुरू करता येते, याचा हा पुरावा आहे.

रेल्वेच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही असे नाही. पहिले म्हणणे असे की एकेरी मार्गावर आणखी गाड्या मावतच नाहीत. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०२१मध्ये दुहेरी झाला, त्यापुढे मात्र मार्ग एकेरीच आहे आणि बोगद्यांच्या शेजारी दुसरे बोगदे खणणे हे खर्चाचे आणि वेळेचे काम आहे. अधूनमधून नवी क्रॉसिंग स्थानके उघडून क्षमता काही वाढवली गेली आहे. पण चतुर्थीच्या आधीचे चार दिवस आणि गौरी विसर्जनानंतरचे तीन दिवस, एवढ्यापुरता तरी प्राधान्यक्रम बदलता येणार नाही का? मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या दिवसांत राज्य सरकार अवजड वाहनांना बंदी घालते, आणि उद्योग-व्यापार ती सोसतात. रेल्वेमार्गावरही मालगाड्या आणि ट्रकच्या रो-रो गाड्या त्या सात दिवसांत थांबवल्या जातील, असे वर्षभर आधी उघडपणे जाहीर करता येईल. व्यापाऱ्याला पूर्वसूचना मिळाली की तो आपली सोय लावतो.

दुसरे म्हणणे असे की जाताना भरलेली गाडी येताना रिकामी धावते आणि दहा-बारा दिवसांसाठी डबे राखून ठेवणे परवडत नाही. जाण्याची गर्दी एकवटलेली असते हे खरे. परतीची मात्र दीड दिवसाच्या गणपतीनंतर, गौरी-गणपती विसर्जनानंतर आणि अनंत चतुर्दशीनंतर अशी विभागलेली असते, म्हणजे त्याच डब्यांना तीनदा काम मिळते. शिवाय उन्हाळी सुट्टीच्या गाड्या आटोपलेल्या आणि दिवाळी-छठच्या गाड्यांना अजून अवकाश असलेला, असा हा मधला काळ आहे. अन्य प्रांतांच्या मागणीशी कोकणची मागणी या दिवसांत फारशी टक्करच घेत नाही. नियोजन करणाऱ्याला एवढी सोयीची तारीख दुसऱ्या कोणत्या सणाने दिली आहे?

घोषणा उशिरा करण्याला तर आता कोणतेच कारण उरलेले नाही. आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टची, नियमित गाड्यांचे आरक्षण जूनच्या अखेरीस उघडून काही मिनिटांत संपले, आणि जादा गाड्यांचे आरक्षण जुलैच्या उत्तरार्धात सुरू झाले. या मधल्या आठवड्यांत काय होते, तर माणूस घाबरून मिळेल ते तिकीट घेतो, दलालाकडे जातो, किंवा खासगी बसवाल्याला दुप्पट पैसे देतो. राजकीय पक्ष मोफत गाड्या आणि बसगाड्या सोडून आभार मिळवतात तेही याच आठवड्यांत. तिकीट विकत घेऊन गावी जाण्याची ऐपत आणि तयारी असलेल्या माणसाला कोणाच्या तरी मेहेरबानीवर अवलंबून ठेवणे मला मनापासून खटकते.

२०२५च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडी कोलाड ते वेर्णा अशी सुरू केली. एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये, एका फेरीत ४० मोटारींची सोय. प्रतिसाद अगदी थोडा मिळाला. कारण उघड आहे: मधल्या गावांत उतरणाऱ्या माणसाला गोव्यापर्यंत जाऊन परत यायचे नव्हते. नंतर सिंधुदुर्गातल्या नांदगावला थांबा दिला गेला. नवे करून पाहण्याच्या वृत्तीचे मी स्वागतच करतो, पण कोकणात गणपतीला कोण जातो आणि कुठे उतरतो, हे त्या प्रवाशाला आधी विचारले असते, तर पहिलाच थांबा सिंधुदुर्गात ठरला असता. आखणी करताना प्रवासी संघटनांना निवेदन देणारे म्हणून न वागवता बैठकीत बसवावे, ही मागणी त्यासाठीच आहे.

आणि गणपतीपुरतेच बोलून भागत नाही. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा हीच माणसे पुन्हा निघतात, मे महिन्यात मुलांसह पुन्हा. या तिन्ही वेळी जादा गाड्या लागतात, याचा अर्थ वर्षभराच्या गाड्याच कमी आहेत. शिवाय ही सारी चर्चा मुंबईच्या बाजूने होते. कणकवलीहून रत्नागिरीला शिकायला जाणारी मुलगी, संगमेश्वरहून चिपळूणच्या बाजाराला जाणारा शेतकरी, वैभववाडीहून कुडाळला तपासणीसाठी जाणारा रुग्ण यांना गाडी लागते ती रोज सकाळी जाणारी आणि संध्याकाळी आणणारी. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन जून २०१५मध्ये झाले. ते पूर्ण क्षमतेने उभे राहिले असते, तर गाड्या तिथून सुटल्या असत्या, तिथे मुक्कामी राहिल्या असत्या, आणि कोकणातल्या कोकणात धावणाऱ्या गाडीला तळ मिळाला असता. गावातच शिक्षण, उपचार आणि कामापर्यंत पोहोचता आले, तर मुंबईला गेल्यावाचून गत्यंतर नाही अशी स्थिती असलेल्यांची संख्याही कमी होईल, आणि हा विषय गणपतीच्या गर्दीपेक्षा मोठा आहे.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला गोवा, कर्नाटक आणि केरळ यांच्यापाठोपाठ महाराष्ट्रानेही मे २०२५मध्ये संमती दिली. महामंडळाकडे दुहेरीकरणासाठी पैसा नाही, तो केंद्राच्या अर्थसंकल्पातून यावा, हे विलीनीकरणामागचे मुख्य कारण आहे आणि ते मला पटते. महाराष्ट्राने संमती देताना दोन अटी घातल्या: 'कोकण रेल्वे' हे नाव राहावे, आणि राज्याने गुंतवलेले सुमारे चारशे कोटी रुपये परत मिळावेत. नावाची अट भावनेची आणि पैशाची अट हिशेबाची आहे, दोन्ही रास्त आहेत. प्रवाशासाठी मात्र त्यांत एकही अट नाही. राज्य सरकारने आणि कोकणच्या खासदारांनी ती आता लेखी मागावी: वीरपुढच्या दुहेरीकरणाचा टप्पावार कार्यक्रम, वाढीव अंतराच्या भाड्याचा शेवट, रत्नागिरी पॅसेंजरला पुन्हा दादरचा फलाट, आणि चतुर्थी, शिमगा व मे महिन्याच्या गाड्यांचे वेळापत्रक आदल्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत, नियमित क्रमांक आणि नियमित भाड्यासह प्रसिद्ध करण्याचे बंधन.